यंदा चांदणी नको, असं दादा म्हणाले

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पटेल असे तपशील वगळून:

मी ४१ वर्षांची. नाशिकमध्ये सासरे, पती आणि नऊ वर्षांच्या मुलाबरोबर राहते. सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. आमच्या घरचा नाताळ म्हणजे त्याच होत्या. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, बेकरीत भाजायला न्यायचा केक, शेजारीपाजारी पाठवायची ताटं, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. दारावरची चांदणी मात्र दरवर्षी सासरे, म्हणजे आमचे दादा, स्वतः स्टुलावर चढून लावायचे. यंदा ते "नको" एवढंच म्हणाले. एरवीही ते हल्ली फारसं बोलत नाहीत. पतींचं म्हणणं, आपण ख्रिस्ती आहोत, आपल्याला सुतक नाही, पुनरुत्थानावर विश्वास आहे तर नाताळ नेहमीसारखाच झाला पाहिजे. मोठ्या नणंदबाई म्हणतात, वर्ष झाल्याशिवाय घरात सण करायचा नाही, लोक नावं ठेवतील. मुलगा रोज विचारतो, चांदणी कधी लावायची? चर्चच्या तरुण संघाचा निरोप आलाय, कॅरलच्या यादीत तुमचं घर ठेवायचं का? आणि मला स्वतःला उपासनेत आनंदाची गाणी म्हणवत नाहीत, गळा दाटून येतो. माझा विश्वास कमी पडतोय का? शेवटचं एक, कुणालाच न सांगितलेलं: यंदा फराळ नाही असं ठरल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. त्याची फार लाज वाटते. मी काय करावं?

उत्तर:

सलाम ताई,

शेवटचं आधी घेते, कारण मला वाटतं पत्र लिहायला बसलात ती त्याच्यासाठीच.

फराळ नाही म्हणून बरं वाटलं, यात लाजण्यासारखं काय आहे? ऑगस्टपासून तुम्ही एक आजारपण काढलंत की नाही मला माहीत नाही, पण एक मरण नक्की काढलंत. आल्यागेल्याचे चहा, दादांचं जेवणखाण, मुलाची शाळा, नवऱ्याचं मूग गिळून बसणं. त्यात डिसेंबरमध्ये दहा किलो मैद्याच्या करंज्या लाटायच्या नाहीत असं कळल्यावर कंबर सुटल्यासारखी वाटली, तर ते कमरेचं म्हणणं आहे, मनाचं नाही. सासूबाईंवरच्या मायेचा आणि त्याचा काही संबंध नाही. अगदी खरं सांगायचं तर त्या स्वतःही एखाद्या वर्षी तळणीसमोर बसून मनात म्हणाल्या असतील, "पुरे आता." आपल्या आया ते बोलून दाखवत नाहीत, इतकंच.

आता मुख्य प्रश्नाकडे. तुमच्या घरात दोन पक्ष पडलेत असं तुम्हाला वाटतं. एक म्हणतो सण करायचा, दुसरा म्हणतो करायचा नाही. पण दोघांनीही एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: नाताळ म्हणजे आनंद, रोषणाई, फराळ, पाहुणे. पतींना तो आनंद विश्वास म्हणून हवा आहे आणि नणंदबाईंना तोच आनंद आईच्या मागे शोभत नाही असं वाटतं. तुम्ही मधे उभ्या राहून विचारताय, माझ्यात तो आनंद नाही, तर माझा विश्वास कमी का?

मला वाटतं, गडबड इथेच आहे. आपण डिसेंबर सुरू झाला की थेट पंचवीस तारखेवर उडी मारतो. मधले चार रविवार कुठे जातात? ते आगमनकाळाचे, ॲडव्हेंटचे. आमच्या लहानपणी आगमनकाळ म्हणजे घराला चुना लावायचा, नवे कपडे शिवायला टाकायचे आणि संडे स्कूलच्या नाटकात मेंढपाळ कोण होणार यावरून भांडायचं. मलासुद्धा त्या शब्दाचा अर्थ नीट लागायला पन्नाशी उजाडावी लागली.

आगमनकाळ सुरू होतो ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हातरी. ३० नोव्हेंबर हा येशूचा शिष्य अंद्रिया याचा दिवस, ज्याच्या नावाचं चर्च आपल्याकडे शरणपूरला आहे. चर्चचं नवं वर्ष या रविवारी सुरू होतं. आणि त्या पहिल्या रविवारी ज्या मंडळ्या (म्हणजे चर्चं) नेमलेले पाठ वाचतात, तिथे बाळाची गोष्ट वाचतच नाहीत. वाचतात ते येशूचं बोलणं: सूर्य अंधारेल, तो दिवस नि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, म्हणून जागे राहा. वेदीवरचं वस्त्र असतं जांभळं, जे ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतं तेच. पूर्वी या दिवसांत उपास करत. म्हणजे चर्चने वर्षाची सुरुवातच अंधारात, वाट पाहत, जरा घाबरतच केली आहे. सांताक्लॉजची टोपी घालून केलेली नाही. (टोपीवर माझा राग नाही. माझ्या नातवाकडे तीन आहेत.)

तुम्ही गेले तीन महिने जे करताय, रात्री अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडणं, दाराकडे बघणं, ज्याचं उत्तर येत नाही ते देवाला विचारणं, ते आगमनकाळातलं वागणं आहे. त्यासाठी तुम्हाला वेगळं काही शिकायला नको. गाणं म्हणवत नाही, तर म्हणू नका. उभ्या राहा. शेजारची बाई म्हणते आहे, तेवढं ऐका. मंडळी एकत्र जमते ती यासाठीच की एकाचा आवाज बसला तर दुसऱ्याने म्हणावं.

याच दिवसांत यशयाचा ११वा अध्याय वाचतात. इशायाच्या, म्हणजे दावीद राजाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटेल, असं त्यात आहे. मी नाशिकची असल्यामुळे मला हे वाक्य देवळातल्यापेक्षा बागेत जास्त कळलं. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाल्यावर द्राक्षबाग कधी पाहिली आहे? उघडीबोडकी लाकडं. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, बाग गेली. मग डोळे फुटतात, आणि नाताळाच्या सुमाराला कोवळ्या हिरव्या मण्यांचे घड धरलेले असतात, खायला आंबट, काहीच कामाचे नाहीत असे. निफाडकडे पारा उतरला की शेतकरी रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, त्या आंबट मण्यांना थंडी बाधू नये म्हणून. पिकलेलं काहीच नसताना केलेली ती राखण आहे. तुमच्या घरात यंदा पिकलेलं काही नाही, हे मान्य. राखण मात्र चालू आहे, आणि ती बहुतेक एकट्या तुम्हीच करताय.

बरं, नाताळाची गोष्ट तरी आपण सांगतो तितकी गोड आहे का? मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, सोनं, ऊद आणि गंधरस देऊन जातात, आणि पुढच्याच काही ओळींत हेरोद राजा बेथलेहेमातली लहान मुलं मारतो. तिथे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द येतात: राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, आणि सांत्वन करून घ्यायला तयार नाही, कारण ती आता नाहीत. कोणी तिला गप्प केलेलं नाही. "पुनरुत्थान आहे, रडू नकोस" असं कोणी म्हटलेलं नाही. तिचं रडणं शुभवर्तमानात जसंच्या तसं ठेवलं आहे, नाताळाच्या गोष्टीच्या पोटात. आणि चर्चने त्या मुलांची आठवण २८ डिसेंबरला ठेवली, नाताळानंतर तीनच दिवसांनी. आपल्याकडे त्या तारखेला बहुतेक घरांत उरलेला केक संपवणं चालू असतं.

हे तुमच्या पतींना वाचून दाखवा, पण भांडणात मुद्दा म्हणून नको. त्यांच्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे. "नेहमीसारखाच नाताळ" हवा म्हणणाऱ्या माणसाची आई गेली आहे. नेहमीसारखं सगळं झालं तर कदाचित आतून ती येईल, पदराला हात पुसत, असं वाटणारा मुलगा त्यात असू शकतो. तो सिद्धांत बोलत असेल, पण बोलतोय मुलगा. पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलेलं वचन ते तुम्हाला ऐकवत असतील, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. त्यातलं "त्यांच्यासारखा" महत्त्वाचं आहे. खेदच करू नका असं त्यात नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना, त्याला उठवायचंच आहे हे ठाऊक असूनही, येशू रडला.

नणंदबाईंचं म्हणणं मला तुमच्यापेक्षा जास्त पटतं, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सुतक, वर्षश्राद्ध हे आपल्या शिकवणुकीत नाही, कबूल. पण "वर्षाच्या आत सण नाही" या रिवाजात एक शहाणपण आहे. तो रिवाज दुःखी माणसाला चारचौघांत हसायच्या सक्तीतून सोडवतो. आणि त्याची दुसरी बाजूही बघा. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे घरात कोणी गेलं की त्या दिवाळीला ते घर फराळ करत नाही, आणि म्हणून नातेवाईक, शेजारी डबे भरून आणून देतात. घर गोडावाचून राहत नाही, फक्त कढई दुसऱ्याच्या चुलीवर चढते. ही रीत मला फार ख्रिस्ती वाटते, कुठून का आली असेना.

शिवाय नणंदबाईंच्या बोलण्यात "लोक" आहेत, पण मला वाटतं तिथे माहेर आहे. लग्न झालेल्या मुलीचा नाताळ म्हणजे सव्वीस-सत्तावीस तारखेला आईकडे जाऊन पाय पसरून बसणं. आईने केलेली करंजी, "अगं अजून एक घे" म्हणणारा तो आवाज. यंदा त्या घरात चांदणी लागलेली असेल, केक असेल, गाणी असतील आणि तो आवाज नसेल, हे त्यांना सहन होणार नाही. "मला ते बघवणार नाही" असं म्हणणं अवघड, "वर्ष झालं नाही" म्हणणं सोपं. म्हणून त्यांच्याशी सुतकावर वाद घालू नका, हरलात तरी वाईट आणि जिंकलात तर आणखी वाईट. त्यांना फोन करा, नवऱ्याला न लावता स्वतः करा. विचारा, "ताई, आईंच्या करंजीत सारणाला काय काय पडायचं? मला नीट आठवत नाही." आठवत असलं तरी विचारा. मग म्हणा, पंचवीसला नको तर नको, पण तुम्ही या. नाताळ एका दिवसात संपत नाही. पंचवीसपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो चालतो, बारा दिवस. (तारखेचंच म्हणाल तर बायबलमध्ये ती कुठेच नाही. २५ डिसेंबर हा दिवस रोममध्ये चौथ्या शतकात पाळला जात होता एवढी नोंद सापडते, आणि आर्मेनियन मंडळी जन्म आजही ६ जानेवारीलाच पाळते. तेव्हा दिवसावरून जीव काढायचं कारण नाही.) गर्दी ओसरल्यावर, तीस तारखेला म्हणा, त्यांना दोन दिवस ठेवून घ्या. आईच्या कपाटाला अजून कोणी हात लावला नसेल तर त्या दोन दिवसांत दोघी मिळून लावा. माहेर चालू ठेवणं आता तुमच्या हातात आलं आहे. हे ओझं आहे, मी नाकारत नाही. पण करंज्यांपेक्षा हलकं आहे.

आता दादा.

लूकाची नाताळाची गोष्ट एका म्हाताऱ्या माणसाच्या मौनाने सुरू होते, हे आपण विसरतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या मंदिरातून बाहेर येतो आणि त्याला बोलता येत नाही. महिनोन् महिने. त्याचं ते मौन अविश्वासामुळे आलं असं पुस्तक सांगतं, तो भाग दादांना चिकटवू नका. मला त्या गोष्टीतलं घर बघायचं आहे. त्याच्या बायकोने, अलीशिबेने, त्याला बोलायला लावायचा प्रयत्न केला असं कुठे लिहिलेलं नाही. वेळ आल्यावर त्याने पाटी मागितली, आणि घरच्यांनी ती दिली. बोलवत नसलेल्या माणसाच्या हातात पाटी देणं, हे तुम्हाला करता येईल. दादांना "बोला ना, मन मोकळं करा" म्हणू नका. एक वही द्या आणि म्हणा, आई कुणाकुणाकडे ताटं पाठवायच्या त्याची यादी तुम्हालाच ठाऊक आहे, लिहून ठेवाल का? नावं लिहिता लिहिता ते एखादी गोष्ट सांगतील. नाही सांगितली तरी यादी होईल.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. जेवण तुटलं असेल, वजन उतरत असेल, रात्र रात्र झोप नसेल, किंवा "आता मी तरी कशाला" अशी भाषा येत असेल, तर ते फक्त दुःख समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. प्रार्थना करायचीच, पण पाळकसाहेबांच्या प्रार्थनेने रक्तदाबाची गोळी बंद करत नाही ना आपण, मग मनाच्या दुखण्याला वेगळा न्याय कशाला?

आणि चांदणी? माझं मत विचारलंत, तर लावा, पण पहिल्या रविवारी लावू नका. चोवीसच्या संध्याकाळी लावा.

ही नणंदबाई आणि नवरा यांच्यातली तडजोड म्हणून सांगत नाहीये. आगमनकाळाचा अर्थ धरला तर उजेड हळूहळू यायचा असतो. पूर्वी युरोपातसुद्धा पुष्कळ घरांत झाड सजायचं ते चोवीस तारखेलाच. चार आठवडे आधीपासून लखलखाट करायचा हा बाजाराचा शोध आहे, आणि मेनरोडला दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच चांदण्या लटकतात, हे आपण बघतोच. तोपर्यंत मुलाला काय सांगायचं? त्याला चार मेणबत्त्या द्या. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विकर्न नावाचे पाळक होते, गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. मुलं तुमच्या मुलासारखीच रोज विचारायची, नाताळ कधी? म्हणून १८३९ मध्ये त्यांनी एका गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या नि बाकी दिवसांच्या लहान लाल, आणि रोज एक पेटवायची असं ठरवलं. आज चर्चमध्ये दिसणारं हिरव्या पानांचं ते कडं तिथून आलं. तुम्हाला चाक नको, कडं नको. सासूबाईंचं पितळी ताट असेलच. त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्याला दोन. रात्री जेवणाआधी घरातले दिवे मालवून पाच मिनिटं बसा. वचन वाचायचं असेल तर वाचा, नसेल तर नका वाचू. पेटवायचं काम मुलाचं, काडीपेटी धरायचं दादांचं. ते आले नाहीत तरी ताट रोज मांडा.

मुलाशी खरं बोला, एवढं सांगते. "देवाला आजी हवी होती म्हणून नेली" असं कोणी त्याला सांगत असेल तर थांबवा, नाहीतर तो त्या देवावर नाराज होईल आणि सांगायचाही नाही. आजीची आठवण येते, मलाही येते, म्हणून चांदणी उशिरा लावतोय, इतकं पुरे. नऊ वर्षांच्या मुलाला "उशिरा" कळतं. "नाही" कळत नाही.

कॅरलचं उत्तर मला लगेच द्यायचं आहे, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. माझे वडील गेले त्या वर्षी कॅरलवाल्या मुलांनी आमच्या गल्लीत शिरताना ढोलकी थांबवली, आमच्या फाटकावरून पाय न वाजवता गेली आणि पुढच्या घरी जाऊन गायली. मुलांचा हेतू चांगला होता. आम्हाला त्रास नको म्हणून. आई अंधारात खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, "आपलं घर विसरले का गं?" वडील गेल्यावर तोवर ती फारशी रडली नव्हती, त्या रात्री रडली. तेव्हा तरुण संघाला आजच कळवा: घर यादीत ठेवा. लवकर या, साडेआठला, मध्यरात्री नको. सांता नको, ढोलकी नको, दोन संथ गीतं म्हणा, आणि आईंचं नाव घेऊन प्रार्थना करा. पोरं अवघडतील, त्यांना शिकू दे. मंडळीत पुढे अशी घरं त्यांना पुष्कळ लागणार आहेत.

फराळाचं तर ठरलंच. करू नका. शेजारणींनी, स्त्रीमंडळाने विचारलं की "नको, कशाला त्रास" म्हणायची आपली खोड आहे, ती यंदा सोडा. "हो, चिवडा आणा" म्हणा. तुम्हाला स्वतःला वाटलंच, तर त्यांची एकच वस्तू करा, सगळ्यात सोपी. आणि ती त्यांच्यासारखी झाली नाही तर होऊ दे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक तुम्हाला माहीत असतीलच. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक, १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं येशूच्या जीवनावरचं काव्य "ख्रिस्तायन" अर्धवटच होतं. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पूर्ण केलं. टिळक तालमीतले कवी, आणि या बाई घरीच कशाबशा अक्षरं शिकलेल्या. माझ्या मागे राहिलेल्या माणसाने माझं काम माझ्यासारखंच करावं असं बंधन कोणी घालत नाही. तुम्हीच घालून घेताय.

चोवीसच्या दुपारी कबरस्थानात जाऊन या, जमल्यास दादांना घेऊन. कबर अजून कच्ची असेल, त्यावर दगड बसवायचा राहिला असेल, फुलं नि मेणबत्ती नेली की झालं. संध्याकाळी चांदणी, रात्रीची उपासना झेपली तर जा, नाही झेपली तर सकाळची. दोन्ही चुकल्या तरी पाळकसाहेबांना सांगा, प्रभुभोजन द्यायला ते घरी येतील. आणि त्यांना एक विचारून बघा. काही देशांत २१ डिसेंबरच्या सुमाराला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलं आहे त्यांच्यासाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. आपल्या मंडळीत तुमच्यासारखी दोन-चार घरं तरी असतीलच. कोणाच्या तरी हॉलमध्ये अर्धा तास बसायला काही खर्च नाही. हे मी तुमच्याबरोबरच, अशाच घरातून हे वाचत असलेल्या बाकीच्यांनाही सांगते आहे. यंदा घटस्फोट झालेलं घर असेल, नोकरी गेलेलं असेल, मुलगी बोलेनाशी झालेलं असेल, त्यांनाही हेच. सगळीच रिकामी घरं मरणाने होत नाहीत.

एक गोष्ट राहिली. शरणपूरचं नाव निघालं म्हणून. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने ती वस्ती वसवली, तेव्हा अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणून ठेवली, शिकवली. जेकब वेनराइट त्यातला एक. पुढे तो आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनपाशी गेला. १ मे १८७३ ला लिव्हिंगस्टन गेले. सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथे एका झाडाखाली पुरलं, त्या वेळी अंत्यविधीचा पाठ वाचला तो वेनराइटने. मग त्यांनी ते शव हजार मैलांहून जास्त चालत समुद्रकाठी बागामोयोला नेलं. पोचले ते फेब्रुवारी १८७४ मध्ये. म्हणजे मधला नाताळ वाटेतच गेला. आपल्या शरणपूरला वाढलेल्या त्या माणसाने तो नाताळ कसा काढला याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. पण तो आपल्या माणसाचा देह घेऊन चालत होता, आणि तरी डिसेंबरची पंचवीस तारीख आलीच असणार. मी दरवर्षी शरणपूर रोडवरून जाताना त्याचा विचार करते. त्या नाताळाला करंज्या नव्हत्या, चांदणी होती तर ती आकाशातलीच.

चांदणी माळ्यावरून आत्ताच काढून ठेवा, चोवीसला धावपळ नको. वायर उंदरांनी कुरतडली आहे का बघा, बल्ब तपासा. आणि स्टूल हॉलमध्ये आणून ठेवा, दादांना दिसेल असं. ते चढले तर मुलाला खाली स्टूल धरायला सांगा. नाही चढले तर मुलाला चढवा आणि दादांना म्हणा, "जरा धरता का? पोरगं पडेल."